धूर, धुकें आणि धुरकें

मनुष्याला जसें कुल, गोत्र आणि शाखा असते, तशी ती शब्दालाही असते. फरक इतकाच कीं मनुष्य आपलें गोत्र संध्येच्या वेळीं स्वतः उच्चारतो, आणि शब्दाचें गोत्र दुसऱ्या कोणाला तरी शोधून काढावें लागतें. हीं गोत्रें धुंडाळण्याचा नाद मला लहानपणापासून आहे. वडिलांनीं अमरकोश पाठ करून घेतला तो मुंजीच्या वर्षीं. पुढें पाठशाळेंत लघुकौमुदी आणि तर्कसंग्रह झाले. १९७४ सालीं जुन्या अकरावीची मॅट्रिक पार पडली, आणि मग छत्तीस वर्षें पुण्यांतल्या मुलांना मराठी व जमेल तेथें संस्कृत शिकवून मी निवृत्त झालों. इंग्रजीशीं माझा संबंध मॅट्रिकपुरता. परंतु कोश उघडण्याची संवय एकदां हाताला लागली म्हणजे परक्या भाषेच्या उंबऱ्याशींही हात थबकत नाहीं, म्हणून एका इंग्रजी शब्दाची ही चौकशी.

तो शब्द ‘स्मॉग’. माझ्या नातीनें शाळेच्या वहींत लिहून आणला आणि विचारलें, “आजोबा, ह्याचा धातु कोणता?” धातु विचारणारी नात लाभणें हें भाग्यच, पण ह्या शब्दाला सरळ धातु नाहीं. तो दोन शब्दांच्या तुकड्यांचा आहे. ‘स्मोक’ म्हणजे धूर, त्याचें डोकें घेतलें. ‘फॉग’ म्हणजे धुकें, त्याचें शेंपूट घेतलें. आणि मधल्या ओकारावर दोघांची सांधेजोड केली. १९०५ च्या जुलै महिन्यांत लंडनला सार्वजनिक आरोग्याची एक परिषद भरली होती. कोळशाच्या धुराचें निवारण व्हावें म्हणून खटपट करणाऱ्या एका संस्थेचे कोषाध्यक्ष डॉ. हेन्री डे व्हू ह्यांनीं तेथें धुकें व धूर ह्या विषयावर निबंध वाचला, आणि हा शब्द लोकांच्या कानीं घातला. त्यापूर्वींही एकदोन वर्तमानपत्रांतून तो गमतीनें डोकावून गेला होता. पण बारसें जेवलें तें डॉक्टरसाहेबांच्या पदरीं.

आतां ह्या दोन तुकड्यांचीं कुळें पाहूं. ‘स्मोक’ हा अस्सल घरचा. जुन्या इंग्रजींत त्याचें रूप ‘स्मोका’ असें होतें, आणि डच व जर्मन भाषांतही त्याचे सख्खे भाऊ नांदत आहेत. ‘फॉग’चें मात्र तितकें सरळ नाहीं. तो इंग्रजींत सोळाव्या शतकांत दिसूं लागतो. पुष्कळ कोशकार त्याचा संबंध डेन्मार्ककडील एका शब्दाशीं लावतात. तिकडे त्याचा अर्थ वाऱ्यानें उडणारे तुषार किंवा बर्फाची भुरभुर असा होतो. कांहींजण त्याला लांब वाढलेल्या ओल्या गवताच्या नांवाशीं नेऊन जोडतात. गवत असो वा बर्फ असो, कूळ जर्मानिकच. म्हणजे ह्या विवाहांत वधूवर एकाच ज्ञातींतले आहेत; एक गांवांतला आणि दुसरी बहुधा जहाजांतून आलेली, एवढाच फरक.

येथें माझ्यासारख्या संस्कृताच्या मनुष्याला एक मोह होतो. ‘स्मोक’ आणि आपला ‘धूम’ ह्यांचें कांहीं नातें असेल काय? ह्या कामीं नुसता कान उपयोगी नाहीं, नियम लागतो. याकोब ग्रिम ह्या जर्मन पंडितानें १८२२ सालीं वर्णांच्या फेरबदलाचे जे नियम मांडले, त्यांप्रमाणें आपल्या भाषेंतल्या ‘ध’ च्या जागीं जर्मानिक भाषांत ‘द’ सारखा वर्ण यावयाचा आणि ‘भ’ च्या जागीं ‘ब’. ‘विधवा’ची ‘विडो’ होते, ‘मधु’चें ‘मीड’ नांवाचें मधाचें मद्य होतें, ‘भ्रातृ’चा ‘ब्रदर’ होतो. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं १८७७ सालीं मुंबईस जीं विल्सन व्याख्यानें दिलीं, त्यांपासून हें शास्त्र आपल्याकडे घरचें झालें आहे. तें लावून पाहतां ‘धूम’ शब्दाची लॅटिनमधली बहीण ‘फूमस’ निघते, जिच्यापासून अत्तराला ‘परफ्यूम’ म्हणतात. आणि जर्मानिक घरांत त्याच मुळाकडे कोशकार जे शब्द नेतात ते म्हणजे जर्मन भाषेंतला ‘डुन्स्ट’, म्हणजे वाफ किंवा धूसरपणा, आणि इंग्रजींतला ‘डस्ट’. म्हणजे आमच्या धूमाचा इंग्लंडांतला चुलतभाऊ धूर नसून धूळ आहे! हलणें, उधळणें हा त्या मुळाचा अर्थ. संस्कृतांतला ‘धू’ धातु हालवण्याच्या अर्थीं आहेच. ‘स्मोक’चा मात्र आमच्या घराण्याशीं सोयरसंबंध कोठें सांपडत नाहीं. मला ह्याचें किंचित् वाईट वाटलें, हें खरें.

दोन शब्द कापून एक करण्याच्या ह्या रीतीला इंग्रजींत ‘पोर्टमॅन्टो’ म्हणतात. १८७१ सालच्या आपल्या गोष्टींत लुइस कॅरोल ह्या ऑक्सफर्डच्या गणितज्ञानें हें नांव योजिलें. दोन कप्प्यांची, पुस्तकासारखी उघडणारी चामडी पेटी. तशी एका शब्दांत दोन अर्थांची भरती. इंग्रजी लोकांना ही युक्ति अगदीं नवी वाटली. आमच्या व्याकरणानें मात्र तिची दखल फार पूर्वींच घेतलेली आहे. सरळ समासांत दोन्हीं पदें शाबूत राहतात, जातो तो विभक्तीचा प्रत्यय. परंतु लोकांच्या तोंडीं असेही समास असतात कीं ज्यांत अक्षरेंच गळतात किंवा बदलतात, आणि कोणत्याही नियमांत तीं बसत नाहींत. पाणिनीनें सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत अशांसाठीं एक सूत्र करून ठेविलें आहे. ‘पृषत्’ म्हणजे ठिपका आणि ‘उदर’. मधला ‘त्’ गळून ‘पृषोदर’, म्हणजे पोटावर ठिपके असलेला. ह्या शब्दावरून त्या साऱ्या गणाला पृषोदरादि म्हणतात. शिष्ट लोक जसे बोलतात तसेच ते शब्द शुद्ध समजावेत, असा त्या सूत्राचा आशय. सूत्रकारानें नियमाच्या ओट्यावरून खालीं उतरून लोकांच्या बोलण्याला नमस्कार केला, असें हें स्थळ शिकवतांना मला नेहमीं वाटे.

आणि मौज अशी, कीं ह्या गणांत टीकाकारांनीं दिलेलीं दोन प्रसिद्ध उदाहरणें आकाशांतलींच आहेत. ‘वारिवाहक’, पाणी वाहणारा, त्याचा ‘बलाहक’ झाला. ‘जीवन’ म्हणजे पाणी, त्याचें ‘मूत’ म्हणजे बांधलेलें गांठोडें, त्याचा ‘जीमूत’ झाला. दोन्हीं नांवें मेघाचीं. आजचे भाषाशास्त्रज्ञ ह्या व्युत्पत्ति सर्वस्वीं मान्य करतीलच असें नाहीं. पण तोडमोड करून शब्द घडतो ही गोष्ट आपल्या जुन्या पंडितांना माहीत होती, ह्याला हा पुरावा पुरेसा आहे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा लागतो. कांहीं जोडशब्द कोणी कापीत नाहीं. ते शतकानुशतकें जिभेवर घासून झिजतात. कुंभकाराचा कुंभार, देवकुलाचें देऊळ, दीपावलीची दिवाळी. इंग्रजींतला ‘लॉर्ड’ हा मूळचा भाकरीचा रखवालदार आणि ‘लेडी’ ही भाकरीची कणीक मळणारी. एवढ्या मोठ्या पदव्यांच्या पोटांत भाकरी आहे हें आज त्यांच्याही लक्षांत नसेल. हे सारे नदींतले गोटे. ‘स्मॉग’ हा गोटा नव्हे, पाथरवटानें छिनीनें घडवलेला दगड आहे. आपल्या स्वयंपाकघरांतलें खोबरेल आणि एरंडेल हे दोन शब्द मला ह्या दोहोंच्या मधले वाटतात. तेलाचा ‘त’ झिजून ‘एल’ उरला, आणि त्या ‘एल’ची लोकांना अशी गोडी लागली कीं इंग्रजी ‘रॉक ऑइल’ आपल्या घरीं आलें तेंही रॉकेल होऊन बसलें. शुद्ध शब्द सुचवणाऱ्यांची तेव्हां कोणी वाट पाहिली नाहीं.

‘स्मॉग’ला मराठींत ‘धुरकें’ म्हणतात. ‘धूर’चा आरंभ आणि ‘धुकें’चा अंत. माझे एक जुने स्नेही आहेत, मोठे व्युत्पन्न. आम्ही त्यांना शास्त्रीबुवा म्हणतों. त्यांना हा शब्द मुळींच खपत नाहीं.

“मास्तर, अहो हा शब्द आहे कीं अपघात?” ते म्हणाले. “सरळ ‘धूमनीहार’ म्हणावें. अर्थ स्वच्छ, समास निर्दोष.”

“शास्त्रीबुवा, समास निर्दोष आहे, पण भाजीवाली तो बोलेल काय?”

“भाजीवालीनें बोलावा म्हणून का शब्द करावयाचा?”

ह्यावर आमचें जमत नाहीं. शब्द घडवण्यास माझा विरोध नाहीं. सावरकरांनीं ‘महापौर’ दिला आणि तो आज कोणालाही परका वाटत नाहीं. परंतु ‘धुरकें’ मला त्याहूनही सरस वाटतें, ह्याचें कारण त्याची सांधेजोड दिसत नाहीं. दोन्हीं शब्दांचा आरंभ ‘धु’नेंच होत असल्यामुळें कापावें लागलें तें फार थोडें. शिवाय ‘धुरकट’ हा शब्द आपल्याकडे होताच. त्याच्या शेजारीं ‘धुरकें’ येऊन बसलें तें जणूं पूर्वींपासून तेथेंच असल्यासारखें. आणि तोंडवळ्यावरून पाहतां हे धूर आणि धुकें दोघेही एकाच घरचे दिसतात. संस्कृतांत धुक्याला ‘नीहार’, ‘मिहिका’ अशीं स्वतंत्र नांवें आहेत, तशींच ‘धूमिका’ आणि ‘धूममहिषी’ अशींही आहेत. महिषी म्हणजे पट्टराणी आणि महिषी म्हणजे म्हैसही. पुण्याच्या एखाद्या पौषांतल्या सकाळीं मुठेच्या पात्रावर जें पांढरें, जड, हलायला तयार नसलेलें कांहीं पडलेलें असतें, तें पाहून मी तरी म्हशीचाच पक्ष घेतों. तेव्हां इंग्रजींत दोन निरनिराळ्या घरचे शब्द एकत्र आले. मराठींत वेगळीं राहिलेलीं भावंडें पुन्हा एका छपराखालीं आलीं.

पदार्थविज्ञानही ह्या शब्दाच्याच बाजूचें आहे. जॉन एटकन ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १८८० च्या सुमारास प्रयोग करून दाखविलें कीं हवेंतील वाफेचे थेंब होण्याला बसायला कांहीं तरी पाट लागतो. धुळीचा वा धुराचा सूक्ष्म कण हा तो पाट. म्हणजे शहरांत धूर वाढला कीं धुक्यालाही तो हात देतो. थंडींत रात्रीं जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खालीं बसते, आणि वरच्या उबदार थराचें तिच्यावर झांकण बसतें. चोहोंकडून टेकड्या असलेल्या पुण्यासारख्या गांवाची मग कढईच होते. त्या झांकणाखालीं सकाळीं जो धूर सोडावा तो ऊन चढेपर्यंत आपल्याच नाकांत.

लंडननें ह्याची किंमत मोजली ती १९५२ सालीं. ५ डिसेंबरपासून ९ डिसेंबरपर्यंत त्या शहरावर असें धुरकें बसलें कीं चालणाऱ्याला स्वतःचीं पावलें दिसेनात. त्यानें सुमारें चार हजार माणसें दगावलीं असा त्या वेळचा हिशेब; मागाहून केलेल्या अभ्यासांनीं तो आंकडा बारा हजारांपर्यंत नेला. पुढल्या महिन्यांतल्या मृत्यूंचें खापर सरकारनें इन्फ्ल्युएंझाच्या माथीं फोडून पाहिलें. अखेर १९५६ सालीं शुद्ध हवेचा कायदा झाला. लंडनच्या लोकांना हा शब्द सत्तेचाळीस वर्षें ठाऊक होता, हें विसरतां कामा नये. शब्द ठाऊक असणें आणि त्याचा अर्थ लागणें ह्यांत कधीं कधीं एवढें अंतर पडतें.

शब्दाची पुढची कथाही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेंत लॉस एंजलीस येथें भर उन्हांत डोळे चुरचुरावयाचे, तेंही लोक ‘स्मॉग’च म्हणत. हागेन-स्मिट नांवाच्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत दाखवून दिलें कीं ही मोटारींच्या व तेलाच्या कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशानें केलेली किमया आहे. त्यांत ना धड धूर, ना धुकें. तरी नांव तेंच. आपण शेंगदाण्याच्या रसाला तेल म्हणतोंच कीं. तेल म्हणजे तिळाचें, हें कोणाच्या लक्षांत आहे?

आतां जें सांगावयाचें त्यासाठींच हा लेख लिहिण्यास बसलों. आमच्या सौभाग्यवतीला गेलीं सात वर्षें दम्याचा विकार आहे. तिचें माहेर पांचगणीकडचें. लग्न होऊन ती पुण्यास आली तेव्हां आम्ही नारायण पेठेंत वाड्यांत रहात होतों. प्रत्येक बिऱ्हाडाच्या न्हाणीशीं तांब्याचा बंब, त्यांत गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या. पहांटे पांचाला साऱ्या वाड्याचे बंब एकदम पेटत. घरांतल्या बायका डोळे पुसत फुंकणी फुंकीत असत आणि आम्ही पुरुष आंघोळीचें पाणी तापलें कीं नाहीं तें विचारीत असूं. तो वाडा गेला, बंब गेले. आतां आम्ही पर्वतीच्या बाजूला एका सोसायटींत राहतों. मागील वर्षीं मार्गशीर्षांत तिचा त्रास फार वाढला. सकाळीं फिरून आली कीं अर्धा तास ती पायरीवर बसून श्वास गोळा करी. शेजारचीं मंडळी आपुलकीनें म्हणत, “काकू, धुक्यांत कशाला जातां?”

एके दिवशीं ती मला म्हणाली, “अहो, हें धुकं नव्हे. माझ्या माहेरी पावसाळ्यांत धुकं माजघरांत शिरायचं, वळणीवरचे कपडे आठ-आठ दिवस वाळायचे नाहींत. तेव्हां मी कधी खोकले नाही. हा धूर आहे. खालीं कोणी तरी जाळतंय.”

खरोखरच जाळीत होते. आवारांत पर्जन्यवृक्ष आहेत, एक आंबा आहे, कुंपणाशीं पिंपळ आहे. त्यांचीं गळलेलीं पानें झाडून रोज पहांटे साडेपांचाला मागल्या भिंतीशीं पेटवून देत. आंच धरायला बरी पडते म्हणून राखणदारही खूष. धूर टेकडीखालीं साठून सातापर्यंत असा पसरे कीं वरून पाहणाऱ्याला तें निव्वळ धुकेंच वाटावें.

मला तर्कसंग्रहांतला पर्वत आठवला. अनुमानाचें आपलें पहिलें उदाहरण तेंच: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि असला पाहिजे. त्याबरोबरच नैयायिक सावध करून ठेवतात कीं वाफ किंवा धुळीचा लोट पाहून त्यालाच धूर समजलांत तर अनुमान फसेल. ती चूक झाली तरी फार तर एखादा मनुष्य विस्तव आणायला उगाच डोंगर चढून जाईल. पण धुराला धुकें समजण्याची जी उलटी चूक आमच्या सोसायटींत चालली होती, तिची कल्पना त्यांनीं केलेली माझ्या पाहण्यांत नाहीं. धुराला धुकें म्हटलें कीं अग्नीचें अनुमानच थांबतें. मग पेटवणारा कोण हें विचारण्याचें कारण उरत नाहीं.

‘धुरकें’ हा शब्द मला आवडतो हें वर सांगितलेंच; पण ह्या एका गोष्टीमुळें मी त्याच्याविषयीं थोडा सावध झालों आहें. मराठींत धुकें ‘पडतें’. धूर ‘होतो’ आणि धूर ‘करतात’ही. धुरक्यानें आईबापांपैकीं कोणाचें क्रियापद उचललें पाहा: धुरकें ‘पडतें’, धुरकें ‘पसरतें’, शहरावर धुरक्याची चादर ‘येते’. ‘अमक्यानें धुरकें केलें’ असें वाक्य मीं अजून वाचलें नाहीं. डोकें धुराचें असून चाल सारी धुक्याची. २०१६ च्या नोव्हेंबरांत दिल्ली धुरक्यानें कोंडली, तेव्हांही बातम्यांतून तें आभाळांतूनच पडत होतें. पुण्यांत पाषाणच्या उष्णप्रदेशीय हवामानसंस्थेनें २०१३ पासून आपल्या ‘सफर’ ह्या योजनेनें शहराच्या हवेंतले कण मोजण्यास आरंभ केला. त्या आंकड्यांना कर्ता विचारतां येतो, चादरीला विचारतां येत नाहीं.

सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनीं मजकूर लावला होता: ‘सध्या सकाळीं धुरकें पडत असल्यानें ज्येष्ठांनीं बाहेर पडूं नये.’ सौ. नें तो वाचला आणि मला म्हणाली, “तुम्ही मास्तर ना? मग हें वाक्य तपासा.” मीं तपासलें. त्याच कागदाखालीं स्वच्छ अक्षरांत लिहिलें: ‘पानें जाळल्यानें धूर होतो. पानें जाळूं नयेत.’ उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ च्या डिसेंबरांत मनाई केली असून त्यास पांच हजार रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे, हेंही जोडलें. दोन दिवस कोणी बोललें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सेक्रेटरी घरीं आले, चहा घेतला, आणि म्हणाले, “सर, जाळूं नये हें पटलं, पण ठेवायचीं कोठें?” प्रश्न रास्त होता. बैठकींत दोघे तिघे रागावले. एका गृहस्थांनीं विचारलें कीं आमच्या लहानपणीं होळ्या पेटत नव्हत्या काय. त्यांना मीं विचारलें कीं आपल्या लहानपणीं होळी वर्षांतून किती वेळां येत असे.

मोटारी ठेवण्याच्या जागेमागें दोन खड्डे झाले. एकांत पानें टाकावयाचीं, तो भरला कीं माती व शेण घालून झांकावयाचा आणि दुसरा उघडावयाचा. शास्त्रीबुवा एकदां पाहून गेले. त्यांनीं खताला ‘पर्णपाक’ असें नांव सुचविलें आहे, आणि तें माळ्याला आवडलें. पलीकडच्या आवारांत अजून जाळतात. वारा तिकडचा असला म्हणजे सौ. खिडकी लावून घेते आणि ऊन चढल्यावर फिरायला जाते. आमच्या खड्ड्यांतलीं पर्जन्यवृक्षाचीं बारीक पानें आतां ओळखूं येत नाहींत, माती झालीं आहेत. आंब्याचीं मात्र तशींच आहेत. चिवट पान तें, त्याला आणखी एक पावसाळा लागेल असें माळी म्हणतो.